मिंडाची दोन मिनिटं

मिंडा आमच्या इमारतीत कामाला आली, त्या दिवशी ब्रुरियाबाईंनी तिला दारातच थांबवून आधी नखं दाखवायला लावली. मग रुमाल आहे का विचारलं. रुमाल नव्हता. "उद्यापासून हवा," बाई म्हणाल्या आणि मगच तिला आत घेतलं. बाई तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठून त्यांना वीस वर्षं झाली होती. पण ही गोष्ट त्यांना सांगायची हिंमत अख्ख्या अश्कलोन शहरात कुणाची नव्हती, त्यांच्या मुलाचीसुद्धा नाही. मिंडा फिलिपिन्समधल्या बायोंबोंगची, चाळिशीला टेकलेली, दोन घरची म्हातारी माणसं पोहोचवून आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रुमालाची घडी करून पिनेनं छातीला लावली. बाईंनी तो पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. हे जवळजवळ नेमणूकपत्रच होतं.

ती नऊ वर्षं टिकली. शेवटच्या चार वर्षांत बाईंचा मेंदू एकेक वर्ग रिकामा करत गेला. आधी शेजारी विसरल्या, मग सून, मग नातवंडं. शाळा मात्र शेवटपर्यंत भरलेली राहिली. आम्ही सगळे त्यांचे विद्यार्थी होतो. मी साठ वर्षांपूर्वी आईवडिलांबरोबर अलिबागेकडून इथं आलो. सगळी इमारत मला 'हिंदी', म्हणजे भारतातला, म्हणते. बाई मला 'मागच्या बाकावरचा' म्हणत.

मिंडाचे सरकारी कागद वाचून द्यायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तिची गोष्ट मला कागदांच्या अंगानं कळत गेली. परदेशी सेविकेला इथं पाच वर्षं आणि तीन महिने मिळतात. त्यानंतर मालक बदलता येत नाही. जे म्हातारं माणूस हाताशी असेल, ते जिवंत असेपर्यंत राहायचं; ते गेलं की आपणही जायचं, त्यानं वर आणि आपण घरी. मिंडाची मुदत कधीच उलटली होती. तिकडे बायोंबोंगला तिच्या आईची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा तिला रक्त धुवायच्या यंत्रावर न्यावं लागे. त्यासाठी मिंडानं मारिसेल नावाची मुलगी पगारावर ठेवली होती. म्हणजे मिंडा इथं परक्याची आई उठवायची-बसवायची, आणि त्या पगारावर तिकडे एक परकी मुलगी मिंडाच्या आईला उठवायची-बसवायची. मधली ब्रुरियाबाई निखळली की सगळंच खाली. मिंडाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. बाईंना ठसका लागला तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. लोक म्हणत, किती जीव लावते बघा. लावत होतीच. पण कुणाच्या जिवाला, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता, आणि तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

मग ऑक्टोबरातला तो शनिवार उजाडला, रॉकेटं यायला लागली आणि भोंगे सुरू झाले.

आमची इमारत जुनी आहे. नव्या घरांत ममाद असते, म्हणजे पोलादी दाराची, काँक्रीटची पक्की खोली. आमच्याकडे ती नाही. आमच्याकडे अंगणापलीकडे सार्वजनिक तळघर आहे आणि त्याची किल्ली ज्याच्याकडे असते तो हैफाला मुलीकडे जातो. अश्कलोनला भोंगा वाजल्यापासून तीस सेकंद मिळतात. बाईंच्या चौथ्या मजल्यापासून अडुसष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. मिंडानं पहिल्या दिवशी पाच वेळा बाईंना खाली न्यायचा प्रयत्न केला. सगळ्यात लांब मजल तिसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत गेली. तिथं बाई कठड्याला मिठी मारून ओरडल्या, "मला कुठं पळवताय? मुलांना कोण बघणार?" आणि उभ्या उभ्या त्यांचे कपडे ओले झाले. डोक्यावर धडाधड स्फोट होत होते. मी दुसऱ्या मजल्यावर जिन्यात भिंतीला चिकटून बसलो होतो आणि वर जाऊन हात देत नव्हतो. हे लिहून ठेवलेलं बरं.

चौथ्या दिवशी दुपारी बाई खुर्चीत बसून भाताची खीर खात होत्या. भोंगा झाला. मिंडानं घाईनं वाटी बाजूला केली, तेवढ्यात बाई आपणहून उठल्या. खुर्चीच्या पाठीला हात लावून सरळ झाल्या आणि मिंडाला म्हणाल्या, "हात खाली. बोलायचं नाही. दोन मिनिटं."

इथं वर्षातून ठरलेल्या दिवशी मेलेल्यांसाठी भोंगा होतो. माणसं असतील तिथं उभी राहतात. हमरस्त्यावर गाड्या थांबवून लोक बाहेर येतात. बाईंनी चाळीस वर्षं शाळेच्या पटांगणात सहाशे पोरं त्या भोंग्याला ताठ उभी केली होती. त्यांच्या डोक्यात भोंगा एकच होता. लढाईचा भोंगा वरखाली होतो, स्मरणाचा सपाट असतो, एवढाच काय तो फरक. आणि तो बाईंच्या लक्षात आला नाही असं नाही. दोन मिनिटं संपल्यावर त्या म्हणाल्या, "भोंगा बिघडलाय. आवाज हलतोय. नगरपालिकेला पत्र लिहा."

ते पत्र मिंडा माझ्याकडून लिहून घेऊन गेली. बाईंनी सही केली. असली सात पत्रं न पाठवता माझ्या खणात पडून आहेत.

त्या दुपारी मिंडाला एक गोष्ट उमगली. बाई ओरडल्या नव्हत्या. कपडे कोरडे होते. खाली नेता येतच नव्हतं, तेव्हा वर निदान माणसासारखं उभं राहता येत होतं. तिनं आतल्या बोळातली, खिडकीपासून लांबची भिंत निवडली, तिथं खुर्ची ठेवली आणि भोंगा झाला की स्वतःच म्हणायला लागली, "बाई, स्मरणाचा भोंगा. चला, मुलं वाट बघताहेत." बाई सहा पावलं चालत जायच्या, उभ्या राहायच्या आणि लढायांत मेलेल्या आपल्या अकरा विद्यार्थ्यांची नावं एका सुरात म्हणायच्या. पंधरवड्यात मिंडाला ती पाठ झाली. कोण होते, कधी मेले, तिला पत्ता नव्हता. जपमाळेच्या मण्यांसारखी ती नावं तिच्या ओठांवर बसली होती.

"इतके स्मरणदिन?" बाई एकदा म्हणाल्या. "या आठवड्यातच आठ झाले. कोण मेलंय एवढं?"

"पुष्कळ जण, बाई," मिंडा म्हणाली.

"याद्या वेळेवर पाठवायला नकोत?"

मिंडा मला म्हणाली, "काका, खरं सांगू? मला ती दोन मिनिटं आवडायला लागलीत. दिवसभरात तेवढीच सुट्टी. काही पुसायचं नाही, भरवायचं नाही. नुसतं उभं राहायचं. बाँब पडला तर पडला, पण ती दोन मिनिटं मला कुणी हाक मारत नाही."

दिवसा चार तास नायफा यायची. ती रहातजवळच्या बेदुइन अरबांच्या वस्तीतली, तासावारी काम करणारी, पाच मुलांची आई. युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात बाईंचा मुलगा अमिताई यानं फोन करून तिला सांगितलं होतं, "नायफा, तू आमच्या घरचीच आहेस. पण सध्या येऊ नकोस. शेजाऱ्यांचं बघावं लागतं ना." शेजारी म्हणजे आम्ही. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं ते मात्र मला ठाऊक आहे. सहा आठवड्यांनी दुसरं कुणीच मिळेना, तेव्हा ती परत घरची झाली.

नायफा भोंग्याला उभी राहत नसे. हातात असेल ते काम करत राही.

"ताई, अगं निदान खिडकीपासून तरी लांब हो," मिंडा बोळातून ओरडायची.

"कांदा अर्धा चिरलाय."

"मरशील ना!"

"तू उभी राहून मर, मी कांदा चिरत मरते. बघू, देव कुणाला आधी आत घेतो ते." मग स्फोट व्हायचे, ताटाळ्यातली ताटं वाजायची, आणि नायफा पुढचा कांदा घ्यायची. "आमच्या वस्तीत भोंगाच नाही गं. नकाशात नावच नाही, तर भोंगा कुठं लावणार? वर रॉकेट दिसलं तरी ते हवेत पाडायचं यंत्र म्हणतं, मोकळं रान आहे, पडू दे. मागच्या आठवड्यात त्या मोकळ्या रानात माझ्या जावेची शेळ्यांची गोठण गेली. मला सवयच नाही बाई, ऐकून घाबरायची. आम्ही बघून घाबरतो."

डिसेंबरात नगरपालिकेनं वृद्धसेवेतल्या बायकांसाठी समाजमंदिराच्या तळघरात मनोबल शिबिर घेतलं. तेल अवीवहून नोगा नावाची मानसतज्ज्ञ आली होती. तरुण, मऊ आवाजाची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान तिरकी करणारी. बायका बाराजणी होत्या: सात फिलिपिनी, दोन नेपाळी, दोन रशियन आणि नायफा. नायफा सँडविच मिळतात म्हणून आली होती आणि तसं तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं. मी पलीकडच्या खोलीत ग्रंथालयाची पुस्तकं खोक्यांत भरत होतो. भिंत पातळ होती.

"डोळे मिटा," नोगा म्हणाली. "आणि जिथं तुम्हाला अगदी सुरक्षित वाटतं, अशी एक जागा मनात आणा."

"सिमेंटची की साधी?" नायफानं विचारलं.

"कुठलीही. लहानपणची असेल. समुद्रकिनारा असेल."

"समुद्राकडूनच तर येताहेत."

बायका हसल्या. नोगाही हसली, कारण हसणं हेही मनोबलात येतं. मग प्रत्येकीनं आपण कसं निभावतो ते सांगायचं होतं. एक नेपाळी मुलगी म्हणाली, ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते, म्हणजे आजोबांना ऐकू जात नाही. रशियन बाई म्हणाली, ती निभावत नाही, तिला झोपेच्या गोळ्या हव्यात. मिंडानं आपल्या दोन मिनिटांचं सांगितलं. 

"हे विलक्षण आहे," नोगा म्हणाली. "म्हणजे तुम्ही तिच्या जुन्या आठवणीचाच आधार केलात. तिला भूमिका दिलीत. मी हे लिहून घेऊ का? आमच्या पत्रकात घालते."

मिंडा लाजली. नऊ वर्षांत इथल्या कुणी तिचं बोलणं लिहून घेतलं नव्हतं. नोगानं वर असंही सांगितलं की भोंगा नसतानाही रोज सराव करून घ्या, सवय घट्ट झाली की भीती शिरायला जागा राहत नाही. मग मिंडा रोज सकाळी दहाला तोंडानं भोंग्याचा आवाज काढायची आणि बाई उठून उभ्या राहायच्या. नायफा म्हणायची, "सर्कस काढा दोघी. मी तिकिटं फाडते." पण सराव जमला. जानेवारीपर्यंत अशी गत झाली की भोंग्याचा पहिला सूर निघताच बाईंचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे, आणि दोन मिनिटं होईपर्यंत त्यांना जागचं हलवणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. पत्रक छापून आलं. त्यात मिंडाचं नाव नव्हतं, 'एक सेविका' असं होतं. तिनं ते फ्रिजवर चिकटवलं.

फेब्रुवारीत मागच्या गल्लीत एका इमारतीचा वरचा मजला गेला. त्या संध्याकाळी अमिताईचा फोन आला. तो उत्तरेकडे राननाला राहतो, मोठ्या कंपनीत आहे, आईवर त्याचं प्रेम आहे आणि ते तो दर शुक्रवारी फोनवर करतो. "मिंडा, लाडके, सामान बांध. तुम्ही दोघी माझ्याकडे. आमच्याकडे ममाद आहे, आणि इथं दीड मिनिट मिळतं. बैठकीपासून बारा पावलं. आता काही काळजी नाही."

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. मिंडानं नंतर माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, तेच सांगतो.

राननाला भोंगे कमी. पहिले नऊ दिवस एकही नाही. दहाव्या दिवशी जेवणाच्या वेळी झाला. अमिताई, त्याची बायको हगित आणि दोन मुलं उठून ममादमध्ये गेली. त्यांच्या आधी कुत्रा गेला. त्याला तसं शिकवलं होतं. ब्रुरियाबाई उठल्या, खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि बैठकीच्या मधोमध, भिंतभर पसरलेल्या काचेच्या दारासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"बाई, चला, आत चला," मिंडा म्हणाली.

"हात खाली," बाई म्हणाल्या.

"मिंडा! आण तिला!" अमिताई दारातून ओरडला.

तिनं दंड धरून ओढलं. बाई हलल्या नाहीत. बाईंचं वजन सत्तेचाळीस किलो होतं, पण त्यामागे चाळीस वर्षांचं पटांगण होतं आणि वर चार महिन्यांचा सराव. हगित आतून म्हणाली, "दार लाव, अमिताई. मुलं आहेत." त्यानं आईकडे बघितलं, मिंडाकडे बघितलं आणि दार लावलं. पोलादी दाराची कडी फिरल्याचा आवाज आला. बाहेर त्या दोघी अकरा नावं म्हणत उभ्या राहिल्या.

काही पडलं नाही. दार उघडल्यावर अमिताई पांढराफटक होता आणि म्हणून चिडलेला होता.

"हे काय खूळ आहे?"

मिंडानं सांगितलं. पत्रकही दाखवलं, ती ते फ्रिजवरून काढून बरोबर घेऊन आली होती. अमिताईनं उभ्या उभ्या वाचलं. "म्हणजे तू माझ्या आईला रॉकेटखाली उभं राहायला शिकवलंस."

"तिथं खाली जाता येत नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं मी फोनवर."

"आता येतंय ना? मग शिकवलंयस ते पुसून टाक."

शिकवायला चार महिने लागले होते. पुसायला तिनं सगळं केलं. ती म्हणाली, हा आगीचा भोंगा आहे. बाई म्हणाल्या, आगीला घंटा असते. ती म्हणाली, मुख्याध्यापकांनी सगळ्यांना वर्गात बोलावलंय. बाई म्हणाल्या, मुख्याध्यापक मी आहे. ती रडली. बाईंनी तिच्या छातीवरचा रुमाल काढून तिलाच दिला आणि समजुतीनं म्हणाल्या, "तू परदेशी आहेस, तुला कळायचं नाही. या दोन मिनिटांत जो पळतो, त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत घेत नाही."

दुसऱ्या भोंग्याला तेच. तिसऱ्यालाही तेच, त्या वेळी धाकटा नातू आतून "आजी! आजी!" म्हणून रडत होता आणि दाराबाहेर आजी त्या आवाजाच्या दिशेनं मान न वळवता "रांगेत बोलायचं नाही" म्हणाली. त्या रात्री हगित आणि अमिताई हळू आवाजात बोलले. सकाळी त्यानं मिंडाला कॉफी दिली. आजवर त्यानं तिला कधी कॉफी दिली नव्हती, त्यामुळे घोट घ्यायच्या आधीच तिला कळलं.

"हे बघ, मी तुला दोष देत नाही. पण मुलांना हे बघवत नाही. हर्झलियाला एक वृद्धाश्रम आहे, तळमजल्यावर, सगळ्या भिंती पक्क्या. तिथं त्यांच्याच नर्सेस असतात."

"मग मी?"

"तुला मी फार चांगली चिठ्ठी देईन."

"अमिताई, मला दुसरीकडे लागता येत नाही. माझी मुदत संपलीय. बाई आहेत तोवरच..."

त्याला हे नवीन होतं. त्यानं खरोखरच वाईट वाटून मान हलवली. "ठीक आहे. एक संधी. पुढच्या भोंग्याला ती आत आली, तर बघू."

पुढचा भोंगा सहा दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराला झाला. घरात अमिताई आणि कुत्रा होता. मुलं शाळेत, हगित कामावर. कुत्रा आत गेला. अमिताई ममादच्या दारात कडी धरून उभा राहिला आणि बघत राहिला. बाईंचे गुडघे सरळ व्हायच्या आतच मिंडानं मागून त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलून चालायला लागली. बारापैकी अकरा पावलं गेली. बाई हवेत पाय झाडत होत्या, "नाव सांग! तुझं नाव सांग!" म्हणत होत्या. ममादच्या उंबऱ्याशी त्यांनी दोन्ही हातांनी चौकट पकडली. मिंडानं जोर लावला. अमिताईनंही आतून हात पुढे केला. त्यानं ओढलं की बोटं सोडवायला गेला, हे मिंडाला सांगता आलं नाही. चौकट सुटली. तिघंही आत कोलमडली, सगळ्यांत खाली बाई.

खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मिंडाला ओळखीचा होता. तिच्या पहिल्या घरच्या म्हाताऱ्याचा ऐकला होता.

अमिताईनं दार लावलं. नियम तसाच आहे. दहा मिनिटं ती चौघं त्या खोलीत बंद होती. बाई जमिनीवर पडून ओरडत नव्हत्या. डोळे छताला लावून सरळ पडल्या होत्या, हात अंगालगत. तेवढ्यात अमिताईचा फोन वाजला. संदेश होता की भोंगा चुकून वाजला, पक्ष्यांचा थवा होता, नागरिकांनी आपापली कामं सुरू करावीत.

हाड बसवायची शस्त्रक्रिया चांगली झाली असं सर्जन म्हणाला. रुग्णालयानं युद्धामुळे खाटा जमिनीखालच्या वाहनतळात हलवल्या होत्या. बाईंची खाट पिवळ्या रंगानं आखलेल्या एका गाडीच्या जागेत होती, क्रमांक २१४. मिंडा प्लास्टिकच्या खुर्चीवर एकोणीस दिवस बसली. भरवायची, कूस बदलायची, कफ काढायची, नर्स झोपली तर नर्सचं कामही करायची. बाई तिला ओळखेनाशा झाल्या. एरवी त्या तिला विद्यार्थिनी तरी समजत. आता कुणीच समजत नव्हत्या. वाहनतळात भोंगा ऐकू येत नसे. डॉक्टर म्हणाले, हे एक बरं आहे. विसाव्या दिवशी पहाटे छातीत पाणी होऊन त्या गेल्या.

सुतकाचे सात दिवस अमिताईच्या घरी माणसं येत होती. मिंडानं चहा-कॉफी दिली, खुर्च्या मांडल्या, ताटं धुतली. बाईंचे जुने विद्यार्थी येऊन सांगत, बाईंनी आम्हाला किती शिस्त लावली. अमिताई सांगत होता, "युद्धानं नेली आईला." तो खोटं बोलत नव्हता. कुणी मिंडाकडे बोट दाखवून विचारलं, तर तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "ही आमची मिंडा. हिनं शेवटपर्यंत केलं." आणि हात लगेच काढून घेई.

मार्चच्या शेवटी ती अश्कलोनला आली, बाईंचं घर रिकामं करून द्यायला. अमिताईला ते भाड्यानं द्यायचं होतं. नायफा मदतीला आली. दोघींनी कपाटं उपसली. चाळीस वर्षांची हजेरीपत्रकं निघाली. नायफानं ती अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकली आणि मग मिंडाला घेऊन येऊन माझं दार वाजवलं. "हिंदी, हिच्याकडे पत्र आलंय. वाचून दे. मला अर्धंच कळतंय, आणि ते अर्धं पुरेसं आहे."

पत्र साधं होतं. सौ. ब्रुरिया लेव्कोविच यांच्या निधनामुळे आपला परवाना संपुष्टात आला आहे. अमुक तारखेच्या आत देश सोडावा. खाली छापील अक्षरात आपल्या सेवेबद्दल आभार.

"पुन्हा वाचा, काका," मिंडा म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

"अर्ज करता येतो," मी म्हणालो. "युद्धाची परिस्थिती, माणसं कमी आहेत..."

"किती जणींचा झाला?" नायफानं विचारलं.

मी पत्राची घडी केली.

"पळून जा," नायफा म्हणाली. "माझ्याकडे ये. नकाशात नसलेल्या गावात कोण शोधणार तुला?"

मिंडा हसली. मग हसू थांबवता येईना. तशीच हसत ती म्हणाली, "ताई, मी अकरा पावलं आणलं गं तिला. एकच राहिलं होतं. उभी राहू दिली असती तर काय बिघडत होतं? पक्षी होते नुसते."

"उभी राहू दिली असतीस, तर त्यानं तुला त्याच दिवशी हाकललं असतं."

"हो. पण ती जिवंत असती."

"आश्रमात. तुझ्याशिवाय. तुझ्या कागदाला त्याचा काय उपयोग?"

मिंडानं याचा विचार केला. दोन्ही बाजूंनी हिशेब एकच येत होता. हे तिला तेव्हाच, माझ्या टेबलाशी बसून, पहिल्यांदा नीट दिसलं असावं, कारण ती एकदम शांत झाली. मग तिनं फोन काढला. इथं सकाळचे दहा होते, म्हणजे तिकडे दुपार. मारिसेलनं फोन घेतला आणि आईसमोर धरला. आई यंत्राच्या खुर्चीत होती. एका हाताला नळ्या लावलेल्या, तोंडात दात नाहीत, केस नीट विंचरलेले. त्या दोघी आपल्या भाषेत बोलत होत्या. नंतर मिंडानं मला शब्दन् शब्द सांगितला. मी विचारलं नव्हतं. कुणाला तरी सांगायचंच होतं तिला.

"म्हातारी गेली?" आईनं विचारलं.

"गेली, आई."

"कशानं?"

"पडली."

"तू कुठं होतीस?"

"मीच धरलं होतं तिला."

आईनं मारिसेलकडे बघितलं. यंत्राचा आवाज येत होता. "एक म्हातारी धरता येत नाही तुला?" ती म्हणाली. "इथं ही मारिसेल बघ. अडीच वर्षं झाली. एकदा पाडलं नाही मला."

"मी येतेय, आई. आता मीच करीन तुझं."

"तू येऊन काय करणार?" आई घाबरून म्हणाली. "तू आलीस तर या यंत्राचं काय? येऊ नकोस. तिथंच थांब. दुसरी म्हातारी बघ."

नऊ वर्षांत मिंडानं तिला हा नियम किमान पन्नास वेळा समजावला होता. एक्कावन्नाव्या वेळी तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बघते," ती म्हणाली.

विमान गुरुवारचं होतं.